गाठीचं लक्षण कोणतं? ऊतींच्या रंगांचा एक इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. गाठींवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही आणि आज उपचारांचा सल्लाही देणार नाही. पण एखादी वस्तू नेमकी काय आहे हे कशावरून ठरवायचं, हा आमचा जुना प्रश्न. पॅथॉलॉजिस्ट रोज तोच प्रश्न सोडवत असतो. आम्ही चुकलो तर फार तर परिसंवादात वाद होतो, तो चुकला तर रुग्णाला चुकीचं औषध मिळतं.

न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. 'शिंगं असते ती गाय' म्हटलं तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस असते ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'एकच अखंड खूर असते ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. यातले पहिले दोन लक्षात ठेवा. शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

आधी रंगांबद्दल बोलू. शरीरातून काढलेला तुकडा अगदी पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर जवळजवळ काहीच दिसत नाही. सगळं पारदर्शक. म्हणून रंग हवा. तो आला कापडाच्या धंद्यातून. मेक्सिकोच्या कांपेचे भागात एक झाड होतं, त्याच्या लाकडापासून युरोपातले रंगारी कापड रंगवत. त्याच लाकडातून हेमॅटॉक्सिलिन निघतं. 1860 च्या दशकात ते तुरटीच्या क्षारांबरोबर वापरलं की पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं, हे लक्षात आलं. पुढच्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी बनवलेला इओसिन हा गुलाबी रंग त्याच्या जोडीला आला. ही जोडी आजही जगातल्या जवळपास प्रत्येक बायोप्सीवर पहिल्यांदा वापरली जाते.

पण या जोडीला आकार दिसतो, कूळ दिसत नाही. जठराच्या भिंतीत कधीकधी एक गाठ होते. तिच्या पेशी लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, एकमेकींना समांतर अशा असतात. आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंच्या पेशीही तशाच दिसतात. मग पॅथॉलॉजिस्टांनी म्हटलं, ही स्नायूची गाठ. तसं म्हणणं त्या काळी अगदी तर्कशुद्ध होतं. शिंगं दिसली, गाय म्हटलं. अनेक दशकं हेच नाव चाललं. स्नायूंच्या कर्करोगावरची केमोथेरपी या रुग्णांना दिली जाई आणि ती क्वचितच लागू पडे. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण निघाली तर ठीक, नाहीतर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नसे.

मधल्या काळात कूळ ओळखणारे रंग तयार होत होते. अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला एक युक्ती केली. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी ही ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटते. त्यांनी तिलाच चमकणारा रंग जोडला. 1966 मध्ये नाकाने आणि पियर्स यांनी चमकणाऱ्या रंगाऐवजी एन्झाइम जोडलं, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही रंग दिसू लागला. 1975 मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची पद्धत शोधली. आता पेशीला थेट विचारता येऊ लागलं: तुझ्याकडे स्नायूचं प्रथिन आहे का? मज्जातंतूचं आहे का? असेल तर स्लाइडवर तपकिरी रंग उमटतो.

1983 मध्ये मझूर आणि क्लार्क या पॅथॉलॉजिस्टांनी जठराच्या या गाठींना हेच प्रश्न विचारले. बऱ्याच गाठींनी दोन्हींना नकार दिला. स्नायू नाही, मज्जातंतूचं आवरणही नाही. मग त्यांनी एक सावध नाव दिलं: 'स्ट्रोमल ट्यूमर', म्हणजे आधार-ऊतीची गाठ. पहा, या नावात अज्ञानाची प्रामाणिक कबुली आहे. हे काय नाही ते कळलं होतं, काय आहे ते अजून कळायचं होतं. माझ्या मते या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं पाऊल आहे.

उत्तर मात्र शंभर वर्षांपासून एका दुसऱ्याच कपाटात पडून होतं. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिथिलीन ब्लू आणि चांदीचे क्षार वापरून आतड्याच्या भिंतीत काही वेगळ्या फांद्याफांद्यांच्या पेशी पाहिल्या होत्या. त्यांना वाटलं, हे साधे मज्जातंतू असावेत. पुढे कळलं, या पेशी मज्जातंतू नाहीत, त्या आतड्याच्या हालचालीचा ताल धरतात. 1990 च्या दशकात जपानमधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की या पेशींना 'किट' नावाचं प्रथिन लागतं. मग 1998 मध्ये ओसाकाच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी दुवा जुळवला: या गाठींमध्येही किट आहे आणि ते बिघडलेलं आहे. दाराची बेल अडकून कोणी न दाबताच वाजत राहावी, तसं हे प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' असं सांगत राहतं.

नाव बदललं आणि लगेच औषधही बदललं. इमॅटिनिब हे औषध एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी तयार झालं होतं. ते किटची बेलही बंद करतं, हे माहीत होतं. मार्च 2000 मध्ये फिनलंडमधल्या एका स्त्री रुग्णाला ते देण्यात आलं. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी सगळं होऊन तिचा आजार पसरलेला होता. गाठी झपाट्याने लहान झाल्या. 2002 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी औषधाला मान्यता मिळाली. आपल्याकडे त्याच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1 एप्रिल 2013 रोजी न्यायालयाने पेटंट नाकारलं, म्हणून स्वस्त भारतीय गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

मग तपकिरी रंग आला की निदान झालं का? इथे न्यायशास्त्र परत येतं. किटचा हा रंग मास्ट पेशींवर येतो, काही मेलॅनोमांवर येतो, वृषणाच्या काही गाठींवरही येतो. ही झाली अतिव्याप्ती. उलट या गाठींपैकी सुमारे 5 टक्के गाठी तो रंग घेतच नाहीत. ही अव्याप्ती. म्हणून 2004 मध्ये 'डॉग-1' नावाचा दुसरा साक्षीदार आला. 2003 मध्ये हेही कळलं की काही गाठींत बिघाड किटमध्ये नसून त्याच्या भावंडासारख्या दुसऱ्या एका प्रथिनात असतो, आणि त्यातल्या एका ठरावीक बदलावर इमॅटिनिब चालत नाही. म्हणजे रंग हा साक्षीदार, न्यायाधीश नव्हे. आकार, जागा, दोन-तीन रंग आणि गरज पडली तर जनुकाची तपासणी, हे सगळं जुळवून निर्णय करायचा तो माणसानेच.

आणि एक गोष्ट सांगून थांबतो. 1998 नंतर जगभरात जुन्या गाठी पुन्हा तपासल्या गेल्या. 'स्नायूची गाठ' असं लिहिलेल्या कितीतरी गाठी या निघाल्या. हे शक्य झालं, कारण मेणाचे ठोकळे कपाटांत जपून ठेवले होते. ही गाठ दुर्मीळ आहे, दहा लाख लोकांत वर्षाला साधारण 10 ते 15 जणांना होते. गावातल्या पॅथॉलॉजिस्टला ती आयुष्यात मोजक्याच वेळा दिसणार. म्हणून घरातल्या कोणाची गाठ काढली असेल, तर रिपोर्टच्या कागदाइतकाच तो ब्लॉक आणि त्या स्लाइड महत्त्वाच्या आहेत. त्या कुठे आहेत हे विचारून ठेवा. मोठ्या रुग्णालयात दुसरं मत घ्यायची वेळ आली, तर आधी त्याच मागतात. कागदावर कालचं उत्तर असतं, ठोकळ्याला मात्र उद्याचा प्रश्नही विचारता येतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.