हिस्टामाइन इनटॉलरन्स असेल तर क्रॅनबेरी खावी का?

वारंवार युरिन इन्फेक्शन होत असेल तर क्रॅनबेरी ज्यूस प्यायचा सल्ला हमखास मिळतो. पण हिस्टामाइन सहन न होणाऱ्यांची इथे पंचाईत होते. इंटरनेटवरच्या एका यादीत क्रॅनबेरी 'चालेल' असते, तर दुसऱ्या यादीत 'टाळा'. खरं काय?

हिस्टामाइन हे रसायन आपल्या शरीरात तयार होतं आणि जेवणातूनही येतं. जेवणातलं हिस्टामाइन मुख्यतः आतड्यातलं डीएओ नावाचं एन्झाइम मोडून टाकतं. हे एन्झाइम कमी पडलं तर डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, अंगावर पित्त उठणं, नाक गळणं, पोट फुगणं, जुलाब असे त्रास होऊ शकतात.

मग क्रॅनबेरी 'टाळा' यादीत का?

हिस्टामाइन जास्त असतं ते मुरवलेलं चीज, वाइन, डबाबंद मासे अशा पदार्थांत. ताजी क्रॅनबेरी त्यात बसत नाही. मात्र तिच्यात बेंझोइक ॲसिड नैसर्गिकरीत्याच भरपूर असतं. बेंझोएटमुळे शरीरातलंच हिस्टामाइन बाहेर पडतं, असं काही याद्या धरून चालतात. त्याला पुरावा तोकडा आहे, पण काहींना त्रास होतो हेही खरं.

आपल्याकडे ताजी क्रॅनबेरी क्वचितच मिळते. (करवंद हे तिचं देशी नाव नाही, ते वेगळंच झाड आहे.) हाती येते ती साखरेत घोळवून सुकवलेली किंवा बाटलीतला ज्यूस. म्हणून फळापेक्षा लेबल आधी बघावं. आयएनएस २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, आयएनएस २२० म्हणजे सल्फर डायऑक्साइड. सल्फाइटमुळे विशेषतः दमा असलेल्यांना त्रास होऊ शकतो. त्यामुळे 'क्रॅनबेरी बाधली' असं वाटतं, तेव्हा दोषी प्रिझर्व्हेटिव्हही असू शकतं.

खाऊन बघायची असेल तर

त्रास शांत असताना, बिनसाखरेच्या फ्रोजन क्रॅनबेरीचे चार-पाच दाणे खावेत. त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नको. काय झालं ते दुसऱ्या दिवसापर्यंत लिहून ठेवावं. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीत हे केलं तर उत्तम. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकू लागला तर ती ॲलर्जी असू शकते, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठावं.

वॉरफरिन घेणाऱ्यांनी आणि ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि ज्या युरिन इन्फेक्शनसाठी हा खटाटोप, ते एकदा झालं की ज्यूसने बरं होत नाही. क्रॅनबेरीचा काही उपयोग असलाच तर तो पुन्हा होऊ नये यासाठी. थंडी-ताप किंवा कंबरेच्या वरच्या बाजूला दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.