भाडेकरू, वक्फ आणि एक उपवाक्य

सुग्रा हुमायूँ मिर्झा हे नाव उर्दूच्या अभ्यासकांना परिचित आहे ते हैदराबादच्या कादंबरीकार आणि 'अन-निसा' या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादिका म्हणून. वकिलांना मात्र ते भेटते भाडेकरूंच्या दाव्यात. त्यांच्या नावाच्या वक्फने जागा खाली करून मागितली. वक्फ न्यायाधिकरणाने ती मान्य केली, उच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. भाडेकरूंची बाजू खरी ठरली, असे मात्र नव्हे. हा दावा न्यायाधिकरणापुढे चालूच शकत नाही, तो दिवाणी न्यायालयात लावावा, एवढाच त्या निकालाचा अर्थ.

सारा वाद १९९५ च्या वक्फ कायद्यातील एका उपवाक्याचा होता. वक्फसंबंधी 'कोणताही वाद' न्यायाधिकरणाकडे नेता येतो, असे एक कलम सांगते. वरवर पाहता त्यात सारेच येते. पण दिवाणी न्यायालयाला मज्जाव करणारे दुसरे कलम फक्त 'या कायद्यान्वये न्यायाधिकरणाने ठरवणे आवश्यक' अशाच बाबींपुरते आहे. मिळकत वक्फची आहे की नाही, हा प्रश्न त्यात बसतो; मिळकत वक्फचीच आहे हे मान्य असताना भाडेकरूला काढण्याचा प्रश्न बसत नाही. न्यायालयाचे हे वाचन मला काटेकोर वाटते. पण त्याची किंमत वर्षांत मोजावी लागते, आणि वर्षे नेहमी ताबा असणाऱ्याच्या पदरात पडतात.

दुसऱ्या पारड्यात काय होते? सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की, देशातील सुमारे ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मिळकतींचे वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये होते. शिष्यवृत्ती असो की अनाथांचे पोट, ते यातूनच भागवायचे.

२०१३ च्या दुरुस्तीने भाडेकरूला काढण्याचे वाद स्पष्ट शब्दांत न्यायाधिकरणाकडे सोपवले. याच दुरुस्तीत 'अतिक्रमणदारा'ची व्याख्या आली, आणि भाडेपट्टा संपलेला किंवा मुतवल्लीने अथवा मंडळाने रद्द केलेला माणूसही तिच्यात गणला गेला. शब्दांच्या अभ्यासकाला इथे थबकावे लागते. काल ज्याच्याकडून पावती देऊन भाडे घेतले, तो आज घुसखोराच्या शेजारी उभा. मध्ये फक्त एक तारीख किंवा एक नोटीस. वक्फच्या हक्काविषयी मला शंका नाही. पण इथे त्या दुकानदाराचेच नाव बदलले आहे, आणि त्याने जागा तर सोडलेलीच नाही.