वऱ्हाडांतील तीन उणे नाताळ

महोत्सवी अंकांत बहुधा भरभराटीच्या वर्षांची मोजदाद होते. मंदिराचा पाया केव्हां घातला, शाळा केव्हां निघाली, बाप्तिस्मे किती झाले, याची नोंद ठेवणें योग्यच आहे. परंतु ज्या वर्षीं नवें कांहीं उभें राहिलें नाहीं, उलट होतें तेंहि हातचें गेलें, त्या वर्षांसहि इतिहास असतो. अमरावती-अकोल्याच्या या भूमीवर असे नाताळ एकाहून अधिक वेळां येऊन गेले. त्यांपैकीं तिहींचें स्मरण येथें करावयाचें आहे. कारण ज्या घरीं यंदाहि सण मनासारखा होणार नाहीं, त्या घरास भरभराटीच्या इतिहासापेक्षां या इतिहासाची गरज अधिक आहे.

पहिला नाताळ सन १८९९ चा. त्या सालीं पावसानें दगा दिला. ज्वारी करपली, कपाशी गेली, आणि कडबा नाहींसा झाल्यामुळें ढोरें दावणीला मेलीं. विक्रम संवत् १९५६ मध्यें पडला म्हणून जुनीं माणसें यास छप्पनचा दुष्काळ म्हणत. वऱ्हाडास आगगाडी येऊन तीसांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. बाहेरचें धान्य अकोला, बडनेरा या स्टेशनांवर उतरूं शकत होतें. तरी लोक उपाशी राहिले. याचें कारण असें कीं, या प्रांतानें पोटाच्या पिकाची पुष्कळ जमीन कापसास दिली होती. कापूस बुडतांच शेतकऱ्याचा पैसा बुडाला व मजुराची मजुरी बुडाली. मग बाजारांत धान्य असून काय उपयोग? पुढें सन १९०० मध्यें दुष्काळापाठोपाठ पटकी आली. सन १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारें २८ लाख ९७ हजार होती. १९०१ सालीं ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत जी वाढावयाची, ती घटली.

आतां याच नाताळची दुसरी बाजू पाहा. ता. २४ डिसेंबर १८९९ रोजीं रोम येथें ८९ वर्षांचे वयोवृद्ध पोप तेरावे लिओ यांनीं संत पेत्राच्या महामंदिराचें पवित्र द्वार उघडून सन १९०० च्या ज्युबिली वर्षास आरंभ केला. वऱ्हाड त्या काळीं नागपूर धर्मप्रांतांत होतें व बिशप पेल्वा हे त्याचे मेंढपाळ होते. धर्मप्रांत अफाट, धर्मगुरु थोडे. एका धर्मगुरूस एकाच रात्रीं दोन गांवीं मिस्सा अर्पितां येत नाहीं. म्हणून आडगांवच्या श्रद्धावंतांस नाताळची मिस्सा, मिळाली तर, कांहीं दिवसांनीं मिळावयाची. रोमांत द्वार उघडलें त्या दिवसांत येथें कित्येक घरांचीं दारें कायमचीं लागत होतीं. दोन्ही गोष्टी एकाच नाताळच्या आहेत. ज्युबिलीचा उत्सव करणाऱ्या आम्हीं ही जोडी विसरतां कामा नये.

दुसरा नाताळ सन १९१८ चा. ता. ११ नोव्हेंबर रोजीं महायुद्ध थांबलें. चार वर्षें ज्याची वाट पाहिली, तो शांततेचा नाताळ आतां येणार, अशी जगाची अपेक्षा होती. परंतु त्याच शरद् ऋतूंत इन्फ्लुएंझाची साथ हिंदुस्थानभर पसरली व तिनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. ज्या प्रांतांस सर्वांत जबर तडाखा बसला, त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड यांची गणना होते. त्या वर्षीं पावसानेंहि ओढ दिली होती. धान्य महागलें होतें. या साथीचें क्रौर्य असें कीं, तिनें म्हाताऱ्यांपेक्षां भर वयांतील कर्तीं माणसें अधिक उचललीं. म्हणून युद्ध संपल्याची वार्ता जेव्हां येथें पोंचली, तेव्हां ती ऐकून आनंद करावयास कित्येक घरांत कर्ता पुरुष नव्हता, कित्येक घरांत लेंकरांची आई नव्हती.

तिसरा नाताळ आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिला आहे. सन २०२० मध्यें कोरोनामुळें कित्येक महिने बंद असलेलीं प्रार्थनामंदिरें महाराष्ट्रांत ता. १६ नोव्हेंबर रोजीं उघडलीं. आतां नाताळ तरी पूर्वीसारखा होईल, असें वाटूं लागलें होतें. तोंच ता. २२ डिसेंबरपासून महानगरपालिकांच्या हद्दींत रात्रीं ११ पासून सकाळीं ६ पर्यंत संचारबंदी लागू झाली. मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळींच आटोपावी लागली. मंदिरांत ५० हून अधिक माणसें नकोत, वृद्धांनीं व लहान मुलांनीं घरींच राहावें, अशा सूचना निघाल्या. खुद्द रोममध्यें पोप फ्रान्सिस यांनीं त्या वर्षींची ख्रिस्तजन्माची मिस्सा नेहमींपेक्षां लवकर, सायंकाळीं साडेसात वाजतां, अर्पिली. ज्या आजीनें उभ्या जन्मांत मध्यरात्रीची मिस्सा चुकविली नव्हती, तिला त्या रात्रीं घरीं बसावें लागलें. आणि ज्यास वाटलें कीं पुढील वर्ष तरी बरें उजाडेल, त्यास फेब्रुवारी २०२१ मध्यें अमरावतींत पुन्हां टाळेबंदी पाहावी लागली.

या तिन्ही वर्षीं भाविकांनीं प्रार्थना केली असेल, यांत शंका नाहीं. तरी पाऊस आला नाहीं, साथ थांबली नाहीं. मग "इम्मानुएल", म्हणजे देव आम्हांबरोबर, या नांवाचा अर्थ काय? हा प्रश्न अश्रद्ध मनुष्याचा नव्हे. तो श्रद्धावंताचाच आहे. त्यास दोन सोपीं उत्तरें देण्याचा मोह होतो. एक असें कीं, हें संकट देवानें शिक्षा म्हणून धाडलें. दुसरें असें कीं, तुमची श्रद्धा पुरेशी असती तर संकट टळलें असतें. हीं दोन्ही उत्तरें गव्हाणीपुढें टिकत नाहींत. पवित्र मारिया व संत योसेफ यांच्याहून अधिक श्रद्धा कोणाची? तरी बादशहाच्या खानेसुमारीसाठीं त्यांस अवघड दिवसांत वाट चालावी लागली, उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, आणि बाळास घेऊन मिसर देशांत पळून जावें लागलें. पहिला नाताळच अपेक्षेप्रमाणें झाला नाहीं.

ख्रिस्तसभेनें ही गोष्ट आपल्या पंचांगांतहि लपविलेली नाहीं. ख्रिस्तजन्माच्या दुसऱ्याच दिवशीं, ता. २६ रोजीं, ती रक्तसाक्षी संत स्तेफन यांचा सण पाळते, ता. २८ रोजीं हेरोदानें मारलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचें स्मरण करते. म्हणजे नाताळच्या अष्टकांतच दगडांचा वर्षाव आहे व मुलें गमावलेल्या आयांचा आक्रोश आहे. जी ख्रिस्तसभा आपल्या सर्वांत गोड सप्ताहांत दुःखास स्थान देते, ती आमच्या घरांतील दुःखास सणाबाहेर कशी ठेवील? देव संकट टाळण्यासाठीं दुरून हुकूम सोडीत नाहीं; तो संकटांत येऊन जन्म घेतो. आपल्या भरवशाचा पाया एवढाच आहे, पण तो हलणारा नाहीं.

आज वऱ्हाडांत हें बोलणें केवळ जुन्या काळाचें नाहीं. जुलै २००६ मध्यें केंद्र सरकारनें विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची मदत जाहीर केली, ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें. त्या सहांपैकीं अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे पांच जिल्हे आपल्याच अमरावती धर्मप्रांतांत मोडतात. कापूस गेला म्हणजे घर जातें, ही १८९९ ची गोष्ट अद्याप पुरी संपलेली नाहीं. अशा घरीं नाताळ येतो तेव्हां दारावर तारा टांगावयास कोणाचा हात वर होत नाहीं.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें माझी श्रद्धावंतांस एवढीच विनंति आहे. ज्या घरीं यंदा मृत्यु झाला आहे, पीक बुडालें आहे किंवा परदेशीं गेलेला मुलगा येऊं शकला नाहीं, त्या घरीं जाऊन "देवाची इच्छा" एवढें बोलून परत येऊं नका. करंज्यांचें ताट न्या, आणि बसा. फार बोलूं नका. मेंढपाळांनींहि गव्हाणीपाशीं कोणतें मोठें दान नेल्याचें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं. ते गेले, हीच त्यांची थोरवी. आणि ज्याच्या स्वतःच्या घरीं सण उणा आहे, त्यानें लाज धरून मंदिरापासून दूर राहूं नये. जुने कपडे घालून या, मागील बांकावर बसा. गव्हाणी तेथूनहि दिसते.

पूर्वजांनीं ते उणे नाताळ काढले म्हणून आजचा हा महोत्सव आहे. ज्यानें गोठा आपला मानला, तो आपल्या प्रत्येक घराचा उंबरठा ओलांडो, आणि पवित्र मारिया त्यास हातीं धरून आंत आणो. आमेन.