किशोरवयीन स्थूलता आणि शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा इतिहास १९५४ पासून मांडला जातो. त्या वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील शल्यविशारदांनी लहान आतड्याचा बराचसा भाग पचनमार्गातून वगळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वजन उतरले; परंतु अतिसार, मूतखडे व यकृताची हानी यांमुळे ती पुढे सोडून द्यावी लागली. १९६० च्या दशकात आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी जठराला बगल देणारी शस्त्रक्रिया विकसित केली. मुले व किशोर यांच्यावरील तिचा अनुभव तेथूनच १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. किशोरांवरील हा उपचार समजला जातो तितका नवा नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

तरीही १९९१ च्या अमेरिकी तज्ज्ञ-परिषदेने बीएमआय ४०, अथवा सहव्याधी असल्यास ३५, हा निकष प्रौढांपुरताच ठेवला. किशोरांविषयी पुरेसा पुरावा नव्हता. तो २००७ पासून पाच अमेरिकी केंद्रांत २४२ किशोरांच्या अभ्यासातून जमा झाला. २०१६ च्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनी सरासरी २७ टक्के वजन घटले होते. मात्र ५७ टक्के मुलांत लोहाचा साठा कमी आढळला आणि १३ टक्क्यांना पोटावर पुन्हा उपचार करावे लागले. पुढे २०२३ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तीव्र स्थूलता असलेल्या १३ वर्षांवरील मुलांसाठी शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, अशी शिफारस केली.

महाराष्ट्राचे योगदान मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घडले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून तेथील मातांचा व अर्भकांचा अभ्यास केला. ही अर्भके सरासरी २.७ किलो वजनाची, म्हणजे इंग्लंडमधील अर्भकांहून बरीच लहान होती. पण त्यांच्या अंगावरील चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने याज्ञिक व इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! बाळसे धरलेले मूल कौतुकाने मिरवणाऱ्या समाजाला बारीक अंगातली चरबी दिसणे कठीणच होते. भारतीय शरीराच्या या वेगळेपणाची दखल घेऊन २००९ च्या भारतीय तज्ज्ञ-सहमतीने प्रौढांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा ३७.५, व सहव्याधी असल्यास ३२.५, अशी खाली आणली.

विमाव्यवस्था तेथवर पोहोचली नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या कलमात रुग्ण १८ वर्षांचा असावा आणि बीएमआय ४०, अथवा गंभीर सहव्याधीसह ३५ असावा, अशा अटी आहेत. निफाड तालुक्यातील ओझर हे १९६४ पासून विमानकारखान्याच्या सोबतीने वाढलेले गाव. तेथील सोळा वर्षांच्या मधुमेही मुलाचा बीएमआय ३४ असेल, तर त्याला या कलमाखाली वयामुळे संरक्षण मिळत नाही. दोन वर्षे थांबल्यावर तो भारतीय वैद्यकीय निकषात बसतो, विम्याच्या निकषात तरीही बसत नाही. शस्त्रक्रिया झालीच, तर जीवनसत्त्वांच्या गोळ्या व रक्ततपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात. त्यांची संमती मात्र त्याच्या वतीने आईवडील देतात.