रँग्लर परांजपे आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे नाव निघाले की महाराष्ट्राला आठवते ते केंब्रिज. १८९९ साली ‘सीनियर रँग्लर’ होणारे ते पहिले भारतीय. पुढे ‘रँग्लर’ हेच जणू त्यांचे नाव होऊन बसले. या एका यशाच्या तेजात त्यांच्या आयुष्यातील एक अवघड प्रकरण मात्र झाकोळून गेले. विद्यापीठांच्या शिखरावर वावरणाऱ्या या गणितज्ञाने खेड्यातल्या मुलाच्या अक्षरओळखीसाठी कायदा केला होता.

दापोलीजवळील मुर्डी हे त्यांचे गाव. नात्यातील धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराने शिक्षण झाले. केंब्रिजहून परतल्यावर ठरल्याप्रमाणे ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे अल्पवेतनी आजीव सदस्य झाले आणि १९०२ पासून सुमारे दोन दशके फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा कुलगुरू म्हणून परांजपेच पुढे आले. सरकारी मान्यता नाही, विद्यार्थिनी मूठभर, अध्यापन मातृभाषेतून. इंग्रजी विद्येत मुरलेल्या रँग्लरांनी ही जबाबदारी पत्करावी, याचे नवल आजही वाटते.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ध्यास मात्र गोखल्यांकडून आलेला. गोखल्यांनी १९११ साली मांडलेले विधेयक पुढच्याच वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले होते. हे अशक्य नाही, असे सांगताना गोखल्यांनी दाखला दिला तो बडोद्याचा. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग करून १९०६ साली तो सर्व संस्थानात लागू केला होता. १९१८ च्या विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. खेडी मात्र बाहेरच राहिली.

१९२१ मध्ये परांजपे इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले आणि १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा त्यांच्या कारकिर्दीत संमत झाला. जिल्हा लोकल बोर्डांकडे शाळांचा कारभार आला, ग्रामीण भागातही सक्तीची वाट मोकळी झाली. पण द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण लोकनियुक्त मंत्र्याकडे आणि तिजोरी राखीव खात्यात! शाळा काढायचा हुकूम एकाने द्यावा आणि पैसा दुसऱ्याने अडवावा, अशी ती व्यवस्था. सक्ती फारच थोड्या ठिकाणी अमलात आली, आणि १९३८ च्या दुरुस्तीने बोर्डांचे बरेच अधिकार सरकारने परत घेतले. दोष कायद्याचा म्हणावा तर तितकाच तो पैशाचाही होता.

बडोद्याने आणखी एक गोष्ट ओळखली होती. शाळा सोडलेला मुलगा वाचायला काही न मिळाल्यास अक्षरे विसरतो. म्हणून सयाजीरावांनी १९१० पासून गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले. मुंबई इलाख्याच्या कायद्याला ही जोड नव्हती. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा व्हायला १९६७ साल उजाडले.

परांजपे पुढे १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. ऐंशीव्या वर्षी, १९५६ साली, पुणे विद्यापीठाने त्यांना त्याच पदावर बोलावले. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शिक्षण देण्यासाठी राज्यघटनेने घातलेली दहा वर्षांची मुदत तेव्हा निम्म्याहून अधिक सरली होती. १९५९ मध्ये ते कुलगुरुपदावरून निवृत्त झाले. मुदत १९६० साली संपली, तेव्हा लक्षावधी मुले शाळेबाहेरच होती.