युद्धगुन्ह्यांचे सामाईक दफ्तर

ज्यांचे मुलूख शत्रूच्या टाचेखाली होते आणि ज्यांची मंत्रिमंडळे लंडनमध्ये आश्रयाला येऊन राहिली होती, अशा राष्ट्रांनी युद्ध चालू असतानाच अपराध्यांची नावनिशीवार फेरिस्त सिद्ध करण्याचे कार्य आरंभावे, ही घटना मला त्या काळातील कित्येक गाजलेल्या लढायांहून अधिक चिंतनीय वाटते. जानेवारी १९४२ मध्ये सेंट जेम्स राजवाड्यात अशा नऊ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी अपराध्यांना न्यायासनापुढे उभे करण्याची प्रतिज्ञा केली. आणि २० ऑक्टोबर १९४३ रोजी लंडनमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या युद्धगुन्हे आयोगाची स्थापना झाली. सर सेसिल हर्स्ट हे त्याचे पहिले अध्यक्ष. १९४५ पासून ती धुरा लॉर्ड राइट यांनी वाहिली. पारतंत्र्यात असूनही हिंदुस्थानला तेथे स्वतंत्र सभासदत्व होते. सोव्हिएत रशिया मात्र अखेरपर्यंत बाहेरच राहिला, आणि ही उणीव लहान नव्हती.

आयोगाला स्वतःचे तपासनीस नव्हते, कोणास अटक करण्याचा अखत्यार नव्हता, खटला चालविण्याचा तर नव्हताच. प्रत्येक राष्ट्राने आपल्या कचेरीत साक्षीपुरावा गोळा करावा, ठरीव नमुन्यावर फिर्याद उतरवून पाठवावी, आणि आयोगाच्या पहिल्या समितीने तिची छाननी करावी, असा शिरस्ता होता. त्या नमुन्यात आरोपीचे नाव, हुद्दा, पलटण, गुन्ह्याचे स्थळ व दिनांक, आणि पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली केलेल्या युद्धगुन्ह्यांच्या यादीतील गुन्ह्याचा अनुक्रमांक इतके तर मागितलेले असेच. परंतु कृत्य स्वतःच्या बुद्धीने झाले की वरिष्ठांच्या हुकुमाने, आणि आरोपी आपल्या बचावार्थ बहुधा काय म्हणेल, हेही फिर्यादी राष्ट्रानेच लिहावयाचे होते. ज्याचे घरदार नुकतेच जाळले गेले आहे अशा राष्ट्राला शत्रूची संभाव्य कैफियत आपल्या हाताने लिहावयास लावणे, यात केवढी कठोर न्यायबुद्धी आहे! सकृद्दर्शनी पुरावा पुरेसा दिसल्यास नाव आरोपींत दाखल होई. तितका नसल्यास संशयितांत. आणि ज्याच्या जबानीवाचून प्रकरण उभे राहणार नाही त्याची नोंद साक्षीदारांत होई. खुद्द हिटलरवरील फिर्याद तो हयात असतानाच, १९४४ साली, चेकोस्लोव्हाकियाने याच रीतीने रुजू केली.

अशा ८० याद्या निघाल्या, ८,१७८ मिसली जमल्या, आणि त्यांतील नावे ३६ हजारांवर गेली. याच सुमारास दोस्त राष्ट्रांच्या सेनाधिकाऱ्यांनी पॅरिसमध्ये निराळी मध्यवर्ती नोंदकचेरी उघडली व कैद्यांच्या छावण्यांतून हव्या असलेल्या माणसांचा पत्ता लावण्यासाठी छिद्रांकित पत्रे वाचणारी यंत्रे कामाला लावली. पण लक्षावधी बंदिवानांच्या त्या महापुरात अपुऱ्या व चुकीच्या नावांनी यंत्रेही हतबल झाली. लंडनच्या टिपणांतील संथ, विचारपूर्वक छाननीची सर त्या वेगाला आली नाही, असे माझे मत आहे.

३१ मार्च १९४८ ला आयोग विसर्जित झाला. सिंगापुरातील ज्या खटल्यात हिंदी युद्धकैद्यांच्या छळाबद्दल जपानी अधिकारी गोझावा सादाइची व त्याच्या सहकाऱ्यांची चौकशी झाली, तशा अनेक खटल्यांचे सार आयोगाच्या पंधरा खंडांत छापले गेले. परंतु मूळ मिसली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात जाऊन कुलूपबंद झाल्या, आणि सरकारांखेरीज कोणास त्या पाहता येईनात. कुर्ट वाल्डहाइम यांच्यावरील युगोस्लाव्हियाची फिर्याद त्यांतच होती. तिची शहानिशा कोणत्याही न्यायासनापुढे कधी झाली नाही, म्हणून तिच्या खरेखोटेपणाविषयी निवाडा देणे मला उचित वाटत नाही. पण १९७२ ते १९८१ ते गृहस्थ त्याच संस्थेचे सरचिटणीस असताना तिच्याच दफ्तरातील तो कागद उलगडला गेला नाही, हे मात्र सर्वस्वी अक्षम्य होय. १९८६ मध्ये बभ्रा झाला, पुढील वर्षी अभ्यासकांसाठी दार किंचित किलकिले झाले, आणि सामान्य वाचकाला लंडनच्या वीनर ग्रंथालयात ती प्रकरणे मोकळेपणी वाचता येऊ लागली ती २०१७ साली. तोवर ज्यांनी भीतीचा डोंगर ओलांडून जबान्या दिल्या होत्या त्यांतील बहुतेक निवर्तले होते, आणि आपल्या शब्दांचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी कळविले नव्हते.