पिशवीतल्या मातीची कुळकथा

वरूड-शेंदुरजनाघाट पट्ट्यात संत्र्याचं कलम बांधायची जुनी रीत सरळ होती. जंबेरी या खुंटाचं बी गादीवाफ्यावर टाकायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की संत्र्याचा डोळा भरायचा. अडचण एकच, पण मोठी. काळ्या मातीत पाणी साचतं आणि फायटोफ्थोरा बुरशीचे बीजाणू त्या पाण्यात अक्षरशः पोहतात. मूळकूज आणि डिंक्या हे रोग कलमाबरोबरच बागेत जायचे. म्हणून रोप जमिनीतून उचलून पिशवीत आणायचं ठरलं आणि प्रश्न आला, पिशवीत भरायचं काय?

याचं एक उत्तर इंग्लंडमध्ये तयार होतं. जॉन इन्स संस्थेत प्रिम्युलाची रोपं मरू लागली, तेव्हा १९३०च्या दशकात लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी वाफवलेली माती, पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि वाळू यांचं प्रमाण ठरवून दिलं. आपल्याकडे पीट कुठलं? माती, वाळू आणि शेणखत समभाग, हे आपलं मिश्रण. त्याला वाफ द्यायची गरज नाही. विदर्भाचा उन्हाळा फुकट आहे. ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून उन्हानेच ती तापवायची ही युक्ती इस्राएलच्या काटान यांनी १९७६ मध्ये मांडली.

पण निर्जंतुक मातीचा एक धडा अमेरिकेत आधीच मिळाला होता. तिथले रोपवाटिकावाले मिथाइल ब्रोमाइडची धुरी देत. रोग जाई, पण लिंबूवर्गीय रोपं खुरटत. वाफ्यात मधेच एखादं रोप तरारलेलं दिसे, बाकीची पिवळी. खताचा डोस वाढवूनही फारसा उपयोग होत नसे. १९७२ मध्ये क्लाइनश्मिट आणि गर्डेमन यांनी कारण दाखवलं: धुरीने शत्रूबरोबर मायकोरायझाही मेली होती. लिंबूवर्गीय झाडांना मूलरोम थोडे आणि आखूड. स्फुरद, जस्त गोळा करायचं बरंचसं काम ही मुळांतली बुरशी करते. मायकोरायझा हे नाव जर्मनीच्या फ्रांक यांनी १८८५ मध्ये दिलं. ते खरं तर ट्रफल नावाच्या खाद्य बुरशीची लागवड जमते का, ते पाहायला निघाले होते!

म्हणजे जंबेरीच्या पिशवीत मायकोरायझा घालणं ही खास मेजवानी नव्हे, काढून घेतलेलं परत करणं आहे. नत्र स्थिर करणारा अॅझोटोबॅक्टर (बायरिंक, १९०१) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांची गोष्ट वेगळी. ते प्रयोगशाळेत वाढतात, पाकिटात येतात. मायकोरायझा मात्र जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून तिचं विरजण मका-ज्वारीच्या मुळांवर तयार करावं लागतं.

तेव्हा पिशवी भरणाऱ्यांनी एवढं करावं: माती आधी तापवा, जिवाणू-बुरशी नंतर घाला, उलट नको. मायकोरायझा वरून भुरभुरू नका, रोप लावताना मुळाशी ठेवा. आणि सुपर फॉस्फेटचा हात आखडता घ्या. स्फुरद आयतं मिळालं की झाड या बुरशीला मुळात फारसं शिरू देत नाही.